मुरगावची वेळ

पुण्याहून कुरिअरने आलेला अभ्यासक्रम,
छत्तीस आठवड्यांचा, स्पायरल लावलेला,
शेवटच्या पानावर विकत घ्यायच्या पुस्तकांची यादी :
एकतीस.
आमच्या कपाटात त्यातलं एक निघालं,
तेही पहिली सोळा पानं नसलेलं.

नार्व्याची शाळा पटसंख्येपायी मिटली.
दुसरी डिचोलीला, आणि गाडीत साईशला
पहिल्याच वळणावर उलटी होते.
म्हणून जेवणाचं टेबल. म्हणून मी.

होतं नव्हतं ते जमिनीवर मांडलं.
सातवीचा भूगोल, माझाच,
ज्यातल्या प्रत्येक नदीत मी निळ्या शाईची होडी सोडली होती.
खाणीच्या कचेरीतून नवऱ्याने आणलेली
खनिजांची पुस्तिका, अजून बोटांना तांबडी लागते.
ज्ञानकोशाचा एकच खंड, 'क' ते 'घ'.
(तर यंदा कासव, खगोल, गांडूळ, घुबड.
हत्तीला थांबावं लागेल.)

आठवडा चौथा म्हणतो, सफरचंदं मोजा.
मी सफरचंदांवर काट मारून लिहिते : तिसऱ्या.
साईश विचारतो, उघडलेल्या की मिटलेल्या?
हे अभ्यासक्रमात नाही.
उकळूनही जी उघडत नाही ती टाकून द्यायची,
म्हणजे वजाबाकी आजच उरकली.

मातृभाषेला त्यांनी एकच रकाना ठेवलाय.
आम्ही बोलतो कोंकणी, वाचतो मराठी,
आणि गुरुवारी दिवाडीहून फेरीने येणाऱ्या आल्दिना टीचर
पाढा चुकला की पोर्तुगीजमध्ये उसासा टाकतात.
रकान्याबाहेर गेलेलं अक्षर मी तसंच राहू दिलं.

आठवडा नववा : हिमनदी.
इथे मी बराच वेळ पेन्सिल चावत बसले.
मग पान उलटलं.

बारावा : घड्याळ. सोबतचा संच विकत घ्या.
संचाऐवजी मी सासऱ्यांचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं.
बार्जवर तांडेल होते ते.
सत्त्याण्णव सालचं पुस्तक, कडांना डिझेलचा वास,
मिनिटांच्या बेरजा भरपूर.
तासाभराने साईश म्हणाला,
आई, ह्यात कोणीतरी आधीच गणितं केलीत.

प्रत्येक छापील वेळेशेजारी, शिसपेन्सिलीने, बारीक :
अधिक पन्नास. अधिक पंचावन्न.
जुलैत नुसतं प्रश्नचिन्ह.
"आजोबांचं पुस्तक चुकीचं होतं?"
नाही रे. बरोबरच होतं,
मुरगावला.
आपल्याकडे पाणी चढत चढत येतं, उशिरा.

पेपरात आजची भरती चार बाराची.
आम्ही चारला धक्क्यावर,
एक काठी, तिच्यावर माझ्या नेलपॉलिशच्या खुणा,
नवऱ्याचं बंद पडता पडता चालणारं घड्याळ.
समोर जुनी बार्ज, पोटापर्यंत चिखलात.
चार बारा झाले. मुरगावला झाली असेल भरती.
इथे एक खेकडा काठीला वळसा घालून गेला.
फेरी दोनदा आली, दोनदा गेली,
साईशने दोनदा सू केली,
पाणी आपलं चढतंच.
पाच वाजून सहा मिनिटांनी
तिसऱ्या खुणेवर ते थांबलं,
थांबलं म्हणजे, विचारात पडल्यासारखं.

त्याने वहीत लिहिलं, अधिक चोपन्न.
मग जरा थांबून खाली तारीख,
आणि आजोबांसारखी, नावाऐवजी फक्त एक रेघ.

रात्री भांडी पालथी घालून
मी छत्तीस आठवडे पुन्हा समोर घेतले.
हिमनदीच्या पानावर, समासात,
शिसपेन्सिलीने अधिकचं चिन्ह काढलं.
पुढचा आकडा अजून लिहिलेला नाही.